गोविंदराव टेंबे आणि पेटीची मैफल

पाश्चात्त्य देशांत पियानोवादक घडविण्याची एक ठरीव वाट आहे. लहानपणींच मूल शिक्षकाच्या स्वाधीन करावयाचें, त्यानें वर्षानुवर्षें बोटांचे धडे गिरवावयाचे, संगीतशाळेच्या परीक्षा द्यावयाच्या आणि मग भरल्या सभागृहांत एकट्यानें वाद्यापुढें बसावयाचें. महाराष्ट्रांत पट्ट्यांच्या वाद्यावर अशी एकट्याची मैफल रंगविणाऱ्यांत गोविंद सदाशिव टेंबे यांचें नांव अग्रभागीं येतें. परंतु त्यांचें वाद्य पेटी हें होतें, आणि त्यांच्या शिक्षणाची वाटहि अगदीं निराळी होती.

पेटी मूळची परदेशीच. १८४२ सालीं पॅरिसमध्यें अलेक्झांद्र दबँ यानें तिचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत आल्यावर येथल्या कारागिरांनीं एका हातानें भाता चालवितां येईल अशी आटोपशीर पेटी घडविली. मैफलींत मात्र गवयाच्या मागें सूर धरणें, एवढेंच काम तिच्या वांट्याला सहसा येई.

टेंबे यांचा जन्म १८८१ चा. ते वाढले कोल्हापुरांत. शाहू महाराजांच्या आश्रयानें तेथें अल्लादियाखांसारखे गवई राहत होते, आणि देवल क्लबांत गाणें ऐकण्यास मिळे. टेंबे पेटी शिकले तें बहुतांशीं स्वतःच्या बळावर. भास्करबुवा बखले यांची साथ करतां करतां त्यांनीं खांसाहेबांची गायकी आत्मसात केली. खांसाहेबांपुढें शिष्य म्हणून ते कधीं बसले नाहींत. तरीहि गुरु मानीत ते त्यांनाच.

या श्रवणाचें मोल वाद्याच्या स्वभावावरून कळतें. पियानोचा सूर तारेवर हातोडी पडतांच उमटतो व क्षीण होत जातो. त्याचें लहानमोठेपण बोटाच्या जोरावर असतें. पेटीचा सूर वारा मिळे तोंवर टिकतो. त्याचें लहानमोठेपण भात्याच्या दाबावर ठरतें. उणीव मात्र दोघांची सारखीच आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नसल्यामुळें मींड निघत नाहीं. तेव्हां पेटीवादकानें कणस्वरांचा स्पर्श, पट्टी सोडण्याची नेमकी वेळ आणि भात्याचा दाब यांच्या साहाय्यानें मींडेचा भास निर्माण करावयाचा. नुसत्या बोटांच्या धड्यांनीं हें साधत नाहीं. आधीं गाणें कानांत मुरावें लागतें.

टेंबे यांच्या कानांत तें मुरलें होतें. म्हणूनच साथीदाराची जागा सोडून ते स्वतंत्र वादक झाले. १९११ सालीं खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला त्यांनीं चाली दिल्या. १९१३ मध्यें बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, आणि १९१५ मध्यें ती सोडून शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचें संगीत त्यांचें, आणि त्यांतील हरिश्चंद्रहि तेच.

याच काळांत पेटीवर संकट आलें. १९३८ मध्यें दिल्ली नभोवाणीवरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं तिच्यावर कडक टीका केली. रवींद्रनाथ ठाकुरांचेंहि मत तिच्याविरुद्धच होतें. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटी वर्ज्य केली. सप्तकाचे बारा सम भाग करून लावलेल्या सुरांत श्रुति सांपडत नाहींत व मींड निघत नाहीं, हे मुख्य आक्षेप होते. सुमारें तीन दशकांनीं, १९७० नंतर, ही बंदी सैल होऊं लागली. टेंबे १९५५ सालींच वारले होते.

आक्षेप खोटे नव्हते. वाद्याची उणीव टेंबे यांनाहि नाहींशी करतां आली नाहीं. परंतु बंदी घालणाऱ्यांनीं वाद्याची रचना पाहिली, वादकाची तयारी हिशेबांत धरली नाहीं. पट्ट्यांना जें देतां येत नाहीं तें वादकाच्या कानांतून यावें लागतें. आणि तो कान कोल्हापूरच्या मैफलींत बसून तयार झाला होता.