रिपोर्टवर 'वाहक' लिहिले आहे? सिकलसेल, थॅलेसेमिया आणि मलेरियाचे जुने नाते

गरोदरपणाच्या तपासणीत 'सिकलसेल वाहक' किंवा 'थॅलेसेमिया मायनर' असा रिपोर्ट आला की घरात दोन प्रश्न लगेच उभे राहतात: हा आजार आहे का? आणि तो कोणाकडून आला? दापोडी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात हे प्रश्न अनेक घरांत पडतात. विदर्भात आणि नंदुरबार, धुळे भागात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे आणि तिकडची बरीच कुटुंबे कामानिमित्त इथे राहतात. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक असतात. तरीही वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

वाहक म्हणजे रुग्ण का?

नाही. हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर तुम्ही वाहक. बहुतेक वाहकांना काहीही त्रास होत नाही आणि वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तरच गंभीर आजार होतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन तीव्र वेदना होतात. थॅलेसेमिया मेजरमध्ये मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

असे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे?

याचे उत्तर उत्क्रांतीच्या अभ्यासातून मिळाले. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९४९ च्या सुमारास असे सुचवले की थॅलेसेमियाच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत तसा पुरावा दाखवला.

जनुकातील बदल योगायोगाने होतो. सिकलसेलमध्ये तर फक्त एक अक्षर बदललेले असते. पण मलेरियाच्या प्रदेशात अशी एक प्रत असलेली मुले गंभीर मलेरियातून जास्त प्रमाणात वाचली, मोठी झाली आणि ते जनुक पुढच्या पिढीत गेले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. म्हणून हा कोणाचा दोष नाही, सुनेचा नाही आणि सासरचाही नाही. मात्र हे संरक्षण अपुरे असते. वाहकालाही मलेरिया होतो, त्यामुळे ताप आल्यास तपासणी करावीच.

आता काय करावे?

• जोडीदाराची तपासणी लगेच करून घ्या. एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीतून निदान पक्के होते. चाळणी चाचणीवर थांबू नका.
• दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी असले तरी हे प्रमाण बदलत नाही.
• एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला आजार होऊ शकतो.
• दोघे वाहक असाल तर वेळ दवडू नका. गर्भाची तपासणी साधारण ११ व्या आठवड्यापासून करता येते. आधी जनुकीय समुपदेशन घ्या.
• थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन थोडे कमी राहते. शरीरातील लोह तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊ नका. गरोदरपणात मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
• सिकलसेल वाहकाने कडक उन्हात किंवा भट्टीजवळ काम करताना भरपूर पाणी प्यावे. लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवावे.

भाऊ-बहिणींनाही ही माहिती द्या. लग्नापूर्वी केलेली एक रक्त तपासणी पुढचा मोठा त्रास टाळू शकते. वाहक असणे हे लग्न मोडण्याचे कारण नाही. दोघांपैकी एकच जण वाहक असेल तर मुलांना गंभीर आजार होण्याची भीती सहसा नसते.