ऑलिव्ह ग्रीन प्रिन्सेस

महूच्या पोस्टिंगमध्ये शेजारी एक निवृत्त कर्नलसाहेब राहायचे. मूळ इंदूरचे, त्यामुळे गप्पा मराठीत. एका रविवारी चहा झाल्यावर त्यांनी बुटाचं जुनं खोकं माझ्यापुढे ठेवलं. "तुला असल्या उचापतींची आवड आहे म्हणे. बघ, होतंय का काही."

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खेळण्यातलं वाफेचं इंजिन होतं, मागे कोळशाचा टेंडर. त्यांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात विलायतेहून आणलेलं. बॉयलर कमानीसारखा वाकलेला, पायरी तुटलेली, अंगावर ब्रशने फासलेला हिरवा रंग. आणि खोकं उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास.

त्या वासानेच इंजिनाची जन्मपत्रिका सांगितली. लंडनजवळच्या रिचमंडमधल्या रोव्हेक्स या छोट्या कंपनीने १९५० च्या नाताळासाठी मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाला विजेवर चालणारा प्लॅस्टिकचा रेल्वे संच करून दिला. इंजिन होतं 'प्रिन्सेस एलिझाबेथ'. खरं प्रिन्सेस एलिझाबेथ क्रू इथे १९३३ मध्ये बांधलं गेलं आणि १६ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडन ते ग्लासगो हे ४०१ मैल मध्ये कुठेही न थांबता सहा तासांच्या आत धावलं. १९५१ मध्ये लाइन्स ब्रदर्सने रोव्हेक्स विकत घेतली. तीन भावांची कंपनी. तीन 'लाइन्स', म्हणजे तीन रेषा मिळून त्रिकोण होतो, म्हणून खेळण्यांचं नाव 'ट्राय-अँग'. पुढे कारखाना मार्गेटला गेला आणि १९६५ पासून हीच गाडी 'ट्राय-अँग हॉर्नबी' नावाने विकली जाऊ लागली.

तोवर पत्र्याच्या आणि ओतीव धातूच्या आगगाड्या महाग असत. प्लॅस्टिकमुळे त्या सामान्य घरांत पोचल्या. पण सुरुवातीचं प्लॅस्टिक होतं सेल्युलोज अॅसिटेट. वर्षं जातात तसा त्यातला मऊपणा देणारा पदार्थ निघून जातो, अॅसेटिक आम्ल सुटतं आणि कवच आकसून वाकतं. जुन्या चित्रपटांच्या फितींना हाच रोग लागतो. कारखान्याने पुढे पॉलिस्टायरिन वापरलं, ते टिकलं. अॅसिटेटचा बाक मात्र सरळ होत नाही, कारण माल आतूनच कमी झालेला असतो.

मी ठरवलं, बाक राहू दे, निदान रंग तरी मूळचा काळा करू. आधी कोमट साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने धूळ काढली. थिनर वापरायचा नाही हे ठाऊक होतं, त्यातलं अॅसिटोन हे प्लॅस्टिकच विरघळवतं. टेंडरच्या कडेवर कापसाने जरासं स्पिरिट लावून पाहिलं. नखाएवढा हिरवा रंग निघाला, खाली काळं प्लॅस्टिक दिसलं. खूश होऊन ते साहेबांना दाखवायला गेलो.

साहेबांनी त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. "दादानं रंगवलंय हे. पासष्टच्या उन्हाळ्यात रजेवर आला होता. म्हणाला, प्रिन्सेसला आता फौजेत भरती करू. गाड्यांना देतात तोच रंग." जरा थांबून म्हणाले, "सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर गेला तो."

मला काय बोलावं सुचेना. न विचारता रंगाला हात लावला होता. साहेब रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

संग्राहकाच्या लेखी फासलेला रंग म्हणजे खराबी. मीही तेच धरून चाललो होतो. पण इतिहास कारखान्यातून माल बाहेर पडला त्या दिवशी थांबत नाही. रिचमंडचा काळा रंग हजारो इंजिनांवर होता. हा हिरवा एकाच इंजिनावर आहे.

मग काम उरलं नखाएवढं. पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंग घेतला, तो प्लॅस्टिकला खात नाही. काळ्यात पिवळा मिसळला की ऑलिव्हच्या जवळ जाणारा हिरवा येतो. ओला रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक मिश्रण पुठ्ठ्यावर लावून रात्रभर ठेवायचो. सातव्या पुठ्ठ्यावर छटा जुळली. साठ वर्षांत उडालेल्या रंगाशी ताज्या डब्यातला रंग कसा जुळेल? पायरी तशीच तुटकी ठेवली.

इंजिन परत देताना सांगितलं, की प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवू नका, वाफ कोंडून ते लवकर सडेल आणि चाकं गंजतील. कोरड्या, हवेशीर फळीवर ठेवा, उन्हापासून लांब.

साहेबांनी टेंडर खिडकीच्या उजेडात धरला आणि माझा ठिपका शोधला. सापडला त्यांना.

"वास येतोच अजून," म्हणाले.

"तो जायचा नाही, सर."

"राहू दे."