टेकडीवरची दुर्बीण आणि रस्त्यावरचा कॅमेरा

केळापूर तालुक्याचे ठिकाण असलेले पांढरकवडा हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. तेथून उत्तरेकडे सुमारे सत्तर किलोमीटरवर हिंगणघाट लागते. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना विल्यम लॅम्बटन या सर्वेक्षकाचा २० जानेवारी १८२३ रोजी याच हिंगणघाटी मृत्यू झाला. लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला होता. त्यातील मुख्य साखळी कन्याकुमारीकडून उत्तरेला, ७८ अंश रेखांशाच्या आसपास सरकत आली. हा रेखांश पांढरकवड्याच्या पश्चिमेला जेमतेम ५५ किलोमीटरवरून जातो. नकाशाच्या इतिहासातील एक प्रश्न समजून घ्यायला हा परिसर म्हणूनच सोयीचा आहे. नकाशा काढणाऱ्याने लोकांच्या घरादाराकडे किती पाहावे, हा तो प्रश्न.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची रीत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्यांपैकी एक बाजू पायारेषा मानून पुढचा त्रिकोण रचायचा. कोन मोजायला थिओडोलाइट हे दुर्बीण बसवलेले यंत्र लागे. लॅम्बटन यांच्या मोठ्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन होते! दूरवरची खूण दिसावी म्हणून हे धूड टेकडीवर, गडावर किंवा देवळावर चढवावे लागे.

उंचावर दुर्बीण लावून बसलेल्या या परक्या माणसांविषयी गावोगाव संशय निर्माण झाला. दुर्बिणीतून भिंतीच्या आरपार दिसते, घरातल्या बायका दिसतात आणि त्याही उलट्या दिसतात, अशी समजूत पसरली. यातील विज्ञान तपासून पाहू. प्रतिमा उलटी दिसते हे खरेच होते. वस्तुभिंग उलटी प्रतिमा तयार करते आणि नेत्रभिंग ती फक्त मोठी करून दाखवते. ती सुलट करायला आणखी भिंगे घालावी लागतात आणि त्यात प्रकाश वाया जातो. कोन मोजण्यासाठी सुलट प्रतिमेची गरजही नसते. भिंतीच्या आरपार मात्र काहीच दिसत नव्हते. पण टेकडीवरून भिंतीच्या वरून पलीकडचे अंगण दिसत होते, हे नाकारता येणार नाही. गावकऱ्यांचे प्रकाशशास्त्र कच्चे असेल, त्यांची शंका गैर नव्हती.

आता सर्वेक्षकाच्या वहीत काय उतरले ते पाहू. अंश, मिनिटे, सेकंद आणि ठाण्याचे नाव. अंगणात कोण होते, काय वाळत घातले होते, यातले काहीही वहीत गेले नाही. डोळ्याने पुष्कळ पाहिले, पण नोंद फक्त कोनाची झाली. आमच्या मते जुन्या आणि नव्या नकाशांतील महत्त्वाचा फरक येथेच आहे.

गूगल कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेतील पाच शहरांत रस्त्यांची सलग छायाचित्रे नकाशाला जोडली. मोटारीच्या टपावरील कॅमेरा चारी दिशांचे जे दिसेल ते टिपतो आणि टिपलेले सारे साठवले जाते. जपानमध्ये कॅमेरा कुंपणावरून घरात डोकावतो अशी तक्रार झाली, तेव्हा २००९ मध्ये कंपनीने तो ४० सेंटिमीटर खाली घ्यायचे आणि चित्रण पुन्हा करायचे ठरवले. कुंपण हे चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या हिशेबाने बांधलेले असते, हे त्यातून स्पष्ट झाले. जर्मनीत २०१० मध्ये सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आपली घरे चित्रात पुसट करायला लावली. त्याच वर्षी या मोटारींनी वाटेतल्या उघड्या वायफाय जाळ्यांतील माहितीही गोळा केल्याचे कंपनीने मान्य केले. रस्त्याच्या नकाशाला तिची काय गरज होती?

भारतात २०११ मध्ये बंगळूरू येथे हे काम सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते थांबवले. पुढे वर्षानुवर्षे आक्षेप राहिला तो मुख्यतः देशाच्या सुरक्षिततेचा. जुलै २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने ही सेवा दहा शहरांत आली; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. चित्रांत चेहरे आणि वाहनांचे क्रमांक पुसट केले जातात हे खरे. परंतु लहान गावात माणूस चेहऱ्याइतकाच लुगड्यावरून, सायकलवरून आणि ज्या दाराशी तो उभा आहे त्या दारावरून ओळखला जातो.

हा प्रश्न शहरांपुरताही नाही. एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होत आहे. चुन्याने हद्दी आखायच्या आणि वरून छायाचित्रे घ्यायची, अशी ही पद्धत आहे. तिचा लाभ मोठा आहे. ज्या घराला कधी कागद नव्हता त्याला मिळकत पत्रिका मिळते, वाटणीचे तंटे मिटू शकतात, कर्जाला आधार होतो. पण वरून पाहणाऱ्याला सांदवाडीतली तट्ट्यांची, बिनछपराची न्हाणीही दिसते. हद्द ठरवायला भिंतीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश पुरतात. मूळ छायाचित्रे किती काळ ठेवायची, कोणी पाहायची आणि दुसऱ्या कामाला वापरायची की नाही, हे ग्रामसभेत विचारायला हवे. असे विचारणे म्हणजे मोजणीला विरोध नव्हे.

शिक्षकांना वर्गात एक उपक्रम घेता येईल. शाळेपासून बसस्थानकापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा विद्यार्थ्यांना पावलांनी मोजून काढू द्यावा. वहीत दोन रकाने करावेत. पहिल्यात नकाशासाठी लागलेल्या नोंदी आणि दुसऱ्यात वाटेत सहज दिसलेल्या गोष्टी लिहाव्यात. मग दुसऱ्या रकान्यातील कोणती गोष्ट आपल्या घराविषयी इतरांनी लिहून ठेवलेली चालेल, हे प्रत्येकाला विचारावे. उत्तरे सारखी येणार नाहीत. ती का वेगळी आली, यावर उरलेला तास चर्चा व्हावी.