ठणठणपाळाला लिहिलेले पत्र

माझे वडील मणेर. बांगड्यांची पेटी घेऊन ते भोरहून वेल्ह्याच्या बाजाराला जात, तेव्हा कॉलेजच्या सुटीत मीही एस.टी.त त्यांच्या शेजारी असे. पेटी त्यांच्या मांडीवर, वाचनालयातून आणलेला 'ललित'च्या जुन्या अंकांचा बांधीव गठ्ठा माझ्या मांडीवर. वळणावर गाडी कलली की वडील आधी पेटी धरत, मग मला.

'ललित' हे मासिक मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी 1964 मध्ये सुरू केले. सिनेनटांच्या चाहत्यांची मासिके असतात ना, तसे हे लेखकांच्या चाहत्यांचे. त्यात 'घटका गेली पळे गेली' हे सदर असे आणि ते लिहिणारा ठणठणपाळ. हा माणूस जन्मालाच आलेला नव्हता! पण वसंत सरवटे यांनी चित्रांतून त्याला रूप दिले होते, बोलण्याची त्याची स्वतःची ढब होती आणि सुमारे वीस वर्षे तो वाचकांशी गप्पा मारत राहिला. मला तर ते दर महिन्याला घरी येणारे पत्रच वाटे.

डोक्यात आणि खिशात काही नसलेल्याला आपण ठणठणपाळ म्हणतो. अशा माणसाने थोरामोठ्यांची टोपी उडवली तर रागवायचे कोणावर? संमेलने, सत्कार, एकमेकांची पाठ खाजवणे, सगळ्यावर तो हसला. ज्यांच्यावर हसला तेही हसले. निदान चारचौघांत तरी.

कल्पित माणसाला खरे मानणे हे काही आपलेच वेड नाही. शेरलॉक होम्सच्या बेकर स्ट्रीटच्या पत्त्यावर जगभरातून पत्रे येत. कथा लिहिल्या गेल्या तेव्हा तो घरक्रमांक त्या रस्त्यावर नव्हताच. पुढे तिथे आलेल्या ॲबी नॅशनल या वित्तसंस्थेने उत्तरे द्यायला चक्क एक सेक्रेटरी नेमला. होम्ससाहेब निवृत्त झाले, ससेक्समध्ये मधमाश्या पाळतात, असे कळवले जाई.

मीही 1988 साली एक पत्र लिहायला घेतले. निमित्त घडले ते असे. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली : 'मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी लिहितात पाहा.' टाळ्या पडल्या. मी कविता वाचली, पण माझ्यापुरती ती त्या 'असूनही'खालीच दबली होती. घरी आम्ही बोलतो त्यात दख्खनी आहे, पण वेल्ह्याच्या बायकांशी भाव करताना वडिलांच्या तोंडी जी मराठी येई, तीच माझ्या कवितेची. ती कुणी मला बक्षीस दिलेली नव्हती.

ठणठणपाळाला मी विचारले होते : आपली जात कोणती? आपले मराठी शुद्ध आहे म्हणून कोणी आपली पाठ थोपटली का? पत्र घेऊन वाचनालयात गेलो, पत्ता उतरवून घ्यायला. ग्रंथपाल चष्म्यावरून पाहत म्हणाले, 'अरे, सदर बंद होऊनही काळ लोटला. आणि ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी.'

दळवी! ज्यांची 'चक्र' आणि 'महानंदा' मी वाचली होती, ज्यांच्या 'संध्याछाया' नाटकातले म्हातारा-म्हातारी मला रडवून गेले होते, तेच हे. आरवलीच्या मातीतला हा माणूस मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करत करत असे दोन आवाज सांभाळत होता. मी थक्क झालो, पण थोडा रुसलोही. त्यांना मुखवटा घालता येत होता आणि काढताही येत होता. मीही टोपणनाव घेऊन पाहिले. दोन कविता छापून आल्या, कोणी काही विचारले नाही. मग वडिलांना अंक दाखवला. ते म्हणाले, 'यात तू कुठंयस?' टोपणनाव तिथेच सुटले.

दळवी 1994 मध्ये गेले. पत्र मी टाकले नाही, फाडलेही नाही. परवा भाषणासाठी जुने कागद काढले तेव्हा ते सापडले. जातीबद्दल एवढे विचारून खाली सही करताना मी माझे नाव घातलेच नव्हते. 'आपला, भोरचा एक वाचक' एवढेच लिहिले होते.