जुन्या लाकडाची राखण

झाशीच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे. ओरछा, दतिया, सागर ही नावे त्या त्या गावांची दिशा सांगतात. खंडेराव गेट हे नाव मात्र उघड मराठी वळणाचे. अठराव्या शतकात नारो शंकर आणि पुढे नेवाळकर यांच्या अमलात दक्षिणेतील अनेक कुटुंबे या शहरात स्थिरावली. 1858च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे येथेच होते. 3 एप्रिल रोजी ह्यू रोजच्या फौजा आत शिरल्यानंतर झालेली लूट आणि ग्रंथसंग्रहाची धूळधाण ‘माझा प्रवास’मध्ये नोंदली गेली आहे. त्या ग्रंथांसाठी हळहळणारे पुष्कळ. ते ज्या पेट्यांत, ज्या फडताळांत असतील त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. लाकडी सामानाचे दैवच तसे.

लुटीतून आणि वाळवीतून जे वाचते, ते बहुधा दुरुस्तीत जाते. आजीच्या माहेरची शिसवी पेटी ‘नवी’ करावयाची म्हणून पॉलिशकाम करणारा तिला खरकागद लावतो. हाताच्या स्पर्शाने शंभर वर्षांत चढलेली झळाळी तासाभरात भुसा होऊन खाली पडते. त्यात त्याचा दोष थोडा. त्याला शिकविलेलेच तेवढे असते.

जुन्या कारागिरीत मात्र परतीची वाट होती. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने तिचे पातळ थर एकावर एक चढवीत. हा थर स्पिरिटने पुन्हा मऊ होतो. सांध्यांतला सरस ओलसर उबेने सुटतो, म्हणून मोडलेला पाय लाकूड न चिरता काढून बसविता येतो. आजचे कृत्रिम लेप आणि चिकटद्रव्ये अशी सवलत सहसा देत नाहीत.

हे ज्ञान घराण्यांत बाप मुलाला देई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1891च्या सुमारास लॉर्ड रे कार्यशाळा सुरू झाल्या, त्यांत लाकडी कोरीवकामालाही स्थान मिळाले; पण तेथील रोख नव्या घडणीवर होता. जुने राखण्याच्या शास्त्राला सरकारी घर मिळाले ते 1976मध्ये, लखनौला स्थापन झालेल्या सांस्कृतिक संपत्तीच्या राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळेच्या रूपाने. तेथे संग्रहालयांतील माणसांना प्रशिक्षण मिळते. गल्लीतल्या सुताराला त्या दारापर्यंत पोहोचविणारा रस्ता मात्र अजून अरुंदच आहे, आणि घराघरांतील जुने सामान येते ते त्याच्याच हाती.

1964च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी घालून दिलेला एक नियम सामानालाही लागू पडतो: भर घालावी ती मूळ कामाशी सुसंगत दिसावी, तरी जाणकाराला वेगळी ओळखता यावी. शिकाऊ कारागिराने म्हणून आधी पेटी उलटी करावी, छायाचित्र काढून ठेवावे, आणि तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक ओला बोळा टेकवून पाहावा. थर चिकट झाला तर बहुधा लाख आहे. मग खरकागद पिशवीतच ठेवावा.