दूरचा सर्व्हर लागत नाही? आधी एरर नीट वाचा

बेळगावात किंवा फोंड्यात बसून मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर सांभाळणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. काल चालणारं एसएसएच आज लागत नाही. मग माणूस घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि कारण शोधायचा धागाच निसटतो. त्याआधी स्क्रीनवरची एरर शब्दशः वाचावी, निम्मं उत्तर तिथंच असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही तशी बरी बातमी. पॅकेट पलीकडे पोचलं आणि तिकडून चक्क नकार आला. म्हणजे मशीन बहुधा चालू आहे, पण २२ नंबरच्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. एसएसएचची सेवा बंद पडलेली असते, नाहीतर पोर्ट बदललेला असतो आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. आणखी एक शक्यता फेलटूबॅनची. पासवर्ड वारंवार चुकला की ते तो आयपी पत्ता अडवतं, मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लगेच लागलं, तर संशय तिकडेच घ्यावा.

‘टाइम्ड आउट’चं दुखणं वेगळं. इथं उत्तरच येत नाही. बहुतेकदा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देते. क्लाउडच्या नियमांत फक्त घरच्या आयपी पत्त्याला परवानगी दिलेली असते. राउटर बंद-चालू झाला की तो पत्ता बदलू शकतो. सर्व्हरला काहीच झालेलं नसतं! पिंगवरही फार विसंबू नये, अनेक सर्व्हरवर ते मुद्दाम बंद ठेवतात. त्यापेक्षा एनसी कमांडनं २२ आणि ४४३ हे पोर्ट तपासावेत. वेबसाइट उघडते पण एसएसएच नाही, म्हणजे मशीन जिवंत आहे.

होस्टनेम सापडत नाही म्हटलं तर डीएनएस बघावं, थेट आयपी टाकून पाहावा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर नेटवर्कला दोष देऊ नये. तिथं किल्ली किंवा युजरचं नाव चुकलेलं असतं.

खरा धोका मात्र दुरुस्ती करताना असतो. २२ नंबरला परवानगी न देताच यूएफडब्ल्यू चालू केलं, की किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं. म्हणून जुनी विंडो चालूच ठेवावी आणि दुसऱ्या विंडोतून नवं लॉगिन होतंय का ते बघावं. एसएसएचची सेटिंग बदलल्यावर रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’नं फाइल तपासावी. पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी कमांड आधीच लावून ठेवणारे शहाणे. सगळं जमलं की ती रद्द करायची.

तरीही बाहेर अडकलात, तर होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधला वेब कन्सोल उपयोगी पडतो, त्याला २२ नंबरचा पोर्ट लागत नाही. फक्त तिथं पासवर्ड विचारतात, आणि किल्लीनंच लॉगिन करणाऱ्या पुष्कळांनी तो कधी ठेवलेलाच नसतो. मग रेस्क्यू मोडमध्ये जाऊन डिस्क जोडावी लागते आणि तोवर साइट बंद राहते.