कुत्र्याच्या ताटांतला बेदाणा

खडकीचें नांव निघालें कीं ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. तिच्यानंतर येथें इंग्रजांची छावणी वसली, बंगले उभे राहिले आणि साहेबांबरोबर विलायती कुत्रेहि आले. कुत्र्याचा लळा मात्र आपणांस त्यांच्यामुळें लागला असें नव्हे. छत्रपति शाहूमहाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि साताऱ्याजवळ संगम माहुली येथें दाखवितात.

साहेबाच्या घरचा नाताळचा केक असो वा आपल्याकडील सत्यनारायणाचा शिरा असो, बेदाणा दोहोंतहि असतो. दाराशीं शेपूट हालवीत बसलेल्या मुक्या जिवाला त्यांतला घास द्यावा, असें कोणासहि वाटतें. पण हा घास निर्धोक आहे काय?

नाहीं. हें उत्तर मिळावयास मात्र विसावें शतक सरावें लागलें. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. परंतु त्यानंतरहि शंभर वर्षें जगांतील पशुवैद्यकास या धोक्याची स्पष्ट कल्पना नव्हती. द्राक्षें अथवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, हें अमेरिकेंतील प्राणि-विषबाधा केंद्राकडे जमलेल्या नोंदींवरून २००१ च्या सुमारास पुढें आलें.

इतका काळ हें लपलें कसें? तेवढेच बेदाणे खाऊन एक कुत्रा धडधाकट राहतो, दुसरा दगावतो. शिवाय प्रथम ओकारी होते आणि मूत्रपिंडांचा बिघाड एकदोन दिवसांनीं दिसूं लागतो. तोंवर शिऱ्याची आठवण कोणास राहणार?

२०२१ मध्यें संशोधकांचा संशय टार्टरिक आम्लावर गेला. हेंच आम्ल आपल्या चिंचेंतहि विपुल असतें आणि चिंचेनेंहि कुत्र्यांना तसाच अपाय झालेला आढळला आहे. द्राक्ष वाळलें म्हणजे पाणी जातें, आम्ल राहतें. म्हणून वजनास वजन धरलें तर द्राक्षाहून बेदाणा अधिक घातक. बी काढलेल्या खजुराचा लहानसा तुकडा असा विषारी नाहीं. पण त्यांत साखर फार, म्हणून तोहि क्वचितच द्यावा.

‘आमच्या मोत्यानें वर्षानुवर्षें खाल्ले, कांहीं झालें नाहीं,’ हा पुरावा नव्हे. किती बेदाणे निर्धोक, याचें प्रमाण ठरलेलें नाहीं. कुत्र्यानें ते खाल्ल्याचें कळतांच, लक्षणांची वाट न पाहतां, पशुवैद्य गांठावा. आणि शिऱ्यांतून बेदाणे वेंचीत बसण्यापेक्षां त्याच्यापुढें भाकरीचा तुकडा ठेवावा. इमानी प्राण्याला तेवढ्यानेंहि समाधान होतें.